आभाराशी थांबलेलं पत्र

नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरमालक काकांइतकी पत्रं आपल्याच छपराखालच्या माणसाला जगात दुसऱ्या कुणी लिहिली नसतील. ते खाली राहत, मी वर, मधे तेरा पायऱ्या. तरी मी पाण्याची मोटार बंद करायला विसरलो की ते हाक मारत नसत, पत्र पाठवत. दर बुधवारी चर्चमध्ये ते प्रेषित पौलानं गावोगावच्या मंडळ्यांना, म्हणजे पहिल्या ख्रिस्ती समूहांना, लिहिलेली पत्रं शिकवत आणि पौलाची शिस्त त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. आधी कृपा आणि शांती, मग माझ्याबद्दल देवाचे आभार, मग यथेच्छ खरडपट्टी आणि शेवटी माझ्या गावाकडच्या आईला सलाम. टाकी वाहिली त्या दिवशी, मी चपला जिन्यात नीट ठेवतो याबद्दल त्यांनी देवाचे पाच ओळी आभार मानले होते.

त्यांचं म्हणणं, पौलानं हौसेनं एकही पत्र लिहिलं नाही. करिंथच्या मंडळीत तट पडले, थेस्सलनीकाचे काही लोक प्रभू आज-उद्या येणार म्हणून कामधंदा सोडून बसले, आणि हा माणूस कुठेतरी लांब, कधी तुरुंगात. मग लिहिणार नाही तर काय करणार? "अन् आभार आधी काहून?" काका विचारत आणि स्वतःच सांगत, "जो आपला हाय, त्यालेच रागावता येते गा." गलतीकरांच्या मंडळ्यांवर मात्र पौल इतका चिडला की आभार गाळून थेट मुद्द्यावर आला. तसं बिनआभाराचं पत्र मला एकदाच आलं, काकांच्या पेटीवर मी ओला टॉवेल टाकला तेव्हा.

पेटी हा त्यांचा हळवा विषय. चर्चमधली गीतं ते इतकी संथ वाजवत की एका गीतात मेथीची जुडी निवडून व्हावी. त्यांच्या धाकट्या भावाला गिटार आणि ड्रम हवे होते. त्यावरून दोघांचं वाजलं आणि भाऊ सक्करदऱ्याच्या नव्या मंडळीत गेला. सहा वर्षं बोलणं बंद. करिंथच्या तटांवर गहिवरून शिकवणारे काका, भावाचं नाव निघालं की मोटार बघायला उठत. मला याचा राग यायचा. एका बुधवारी मी सरळच विचारलं, त्याला का नाही लिहीत? काका मोटार बघायला उठले आणि परत बसले. मग म्हणाले, "लिहाले बसतो. आभारच सुचत नाही."

दोन आठवड्यांनी त्यांनी एक उघडं पाकीट माझ्या हाती दिलं, सक्करदऱ्याला पोचवायला. मी निर्लज्जपणे वाचलं. तीन पानं नुसते आभार. आईच्या आजारपणात भावानं केलेल्या भाकरी, पेटीचा फाटलेला भाता त्यानं कसा चिकटवून दिला, सगळं. खरडपट्टी राहिली का, असं विचारलं तर म्हणाले, कागद संपला.

भावानं दारातच पाकीट घेतलं. पुढे महिना गेला. काका रोज गेटकडे बघत. पौलाची पत्रं राहिली, मंडळ्यांचं उत्तर एकही राहिलं नाही, असं एकदा पुटपुटले.

मग एका रविवारी मी त्यांना स्कूटरवर चर्चला नेलं, तर शेवटच्या बाकावर भाऊ. तो अख्खं संथ गीत म्हणत बसला. काका पेटी मिटून बाहेर येईतो तो गाडीवर होता. "अजून हळूच वाजवून राहिला तू, दादा," एवढं बोलून निघून गेला.

मी हळहळलो. म्हटलं, काका, उत्तर काही दिलं नाही त्यानं.

"देल्लं ना," काका म्हणाले. ते डोळे पुसत होते. "पौलाकडे बी लोकं असेच येऊन जात असन. म्हणून तं त्याइचं उत्तर कोणाजवळ राहिलं नाही."

आता ते घर सुटलं. काकांची सगळी पत्रं माझ्याजवळ आहेत. माझं उत्तर त्यांच्याजवळ एकही नाही, कारण दर पत्रानंतर मी तेरा पायऱ्या उतरून त्यांच्याकडे चहाला जात असे.