ठिबकच्या नळीला धरून

आईची नजर एका दिवसात गेली नाही. आधी तिला बाजूचं दिसेनासं झालं. चुलीपुढं बसलेली असताना शेजारचा तांब्या तिच्या पायानं कलंडायचा आणि ती त्या तांब्यालाच बोल लावायची. बारामतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला तोवर उशीर झाला होता. थेंब झाले, ऑपरेशन झालं. हळूहळू उजेड आणि अंधार एवढंच कळायचं उरलं, आणि एका हिवाळ्यात तेही गेलं.

मी आईवडिलांची एकुलती एक. बारामतीला एमआयडीसीतल्या एका कंपनीत नोकरी करते, तिथंच फ्लॅटमध्ये राहते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई इंदापूर तालुक्यात आमच्या वस्तीवर एक म्हैस सांभाळून एकटी राहायची. वस्ती म्हणजे मोजकी घरं. आमचं, बांधापलीकडं तात्यांचं, आणि पुढं पाण्याच्या चारीकडेला आणखी काही. तात्या वडिलांचे जिवाभावाचे मित्र. आमचं रानही तेच कसतात. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणते.

नजर गेल्यावर मी आईला बारामतीला घेऊन आले. दुसरं काही करण्यासारखं आहे असं मला वाटलंच नव्हतं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. आई पलंगाच्या कडेला बसून राहायची. लिफ्टचं दार वाजलं की विचारायची, "कोण आलं गं?" कुणीच आलेलं नसायचं. स्वयंपाकघरातून बाथरूमकडं जाताना ती भिंत चाचपत भलतीकडंच जायची आणि कपाटाशी थांबून राहायची, मी हाक मारीपर्यंत. मी कामावर गेल्यावर दिवसभर टीव्ही लावून ठेवायचे. एकदा मी परत आले तेव्हा टीव्हीवर कसलीशी जाहिरात चालू होती आणि आई त्या जाहिरातीतल्या बाईला सांगत होती, "म्हशीला पाणी दावायचं राहिलंय."

पुढं तिचं जेवण कमी झालं. मी रागावले, तेव्हा ती म्हणाली, "मला घरी न्हेऊन सोड."

"आई, तिथं तुला बघायला कोण आहे?"

"लई माणसं हायती. मला दिसत न्हाय, त्यास्नी दिसतंय की."

रजा काढली आणि तिला वस्तीवर घेऊन गेले. तात्या दारातच उभे होते. आईचा पाय गाडीतून खाली टेकला तसे म्हणाले, "वैनी, मी हाय. तुमची म्हस बरी हाय, पर दूध काढाया लागलं की तुमालाच हुडकतीय." आई हसली. कितीतरी दिवसांनी.

रजा संपली, मला निघायचं होतं. पाय उचलेना. काकू म्हणाल्या, "जा तू बिनघोर. दोन टायमाचा डबा मी पाठवती. बाकीचं आमी बघतो." बाकीचं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

दर रविवारी सकाळच्या एसटीनं मी जायचे. पहिल्याच रविवारी आईबरोबर ओट्यावर चहा घेत बसले होते. समोरच्या पाणंदीनं एक गडी मोटरसायकलवरून गेला. आमच्या घरासमोर त्यानं गाडी हळू केली आणि ओरडला, "आक्का, मी चाललो वो, ऊस बघून येतो." आईनं हात वर केला. थोड्या वेळानं डोक्यावर घासाचा भारा घेऊन एक बाई आली. "आज्जी, मी. वझं डोक्यावर हाय, थांबत न्हाय." मग दुधाच्या किटल्या घेऊन जाणारा. मग शाळेच्या स्वयंपाकाला जाणारी. प्रत्येकजण आमच्या घरासमोर आला की बोलत होता. मला आधी वाटलं, गावाकडची माणसं, बोलायचीच. पण आमच्या घराच्या अलीकडं ती गप्प येत होती आणि पलीकडं पुन्हा गप्प जात होती.

तेवढ्यात एक माणूस आला, तो बोलला नाही. घरासमोर आल्यावर नुसता खोकला. मी ओळखलं. बांधावरून त्याचं आणि माझ्या वडिलांचं बिनसलं होतं, तेव्हापासून दोन्ही घरांत अबोला होता. वडील गेले तेव्हासुद्धा तो दारात येऊन न बोलता परत गेला होता.

"ऐकलंस का?" आई हळूच म्हणाली. "त्यो बोलत न्हाय, पर सांगून जातो. रोज."

 फ्लॅटमध्ये जी बाई कपाटाशी हरवत होती तिला इथं बसल्या जागी पाणंदीवरचं येणारं-जाणारं प्रत्येक माणूस दिसत होतं. हे कुणी ठरवलं, कुणाच्या डोक्यात पहिल्यांदा आलं, ते मला आजवर कळलेलं नाही. विचारलं की सगळे दुसऱ्याचं नाव सांगतात.

पुढच्या एका रविवारी मी पाणंदीनं चालत घराकडं येत होते आणि लांबूनच मला आई दिसली. हातात बादली, गोठ्याकडं निघालेली. एकटी.  मी पळतच सुटले. जवळ गेल्यावर बघते तर आई अजिबात चाचपडत नव्हती. डावा हात कमरेएवढ्या उंचीवर धरून ती सरळ चालली होती, आणि त्या हाताखालून एक काळी नळी गेली होती. ठिबकची नळी. दारापासून गोठ्यापर्यंत लोखंडी अँगल रोवले होते आणि त्यांना ती बांधली होती.

आई दूध काढायला बसली तेव्हा मी नळी नीट बघितली. झोळ पडू नये म्हणून आतून तार ओवली होती. तार नुसतीच बांधली असती तर हात कापला असता, म्हणून वरून नळी. जिथं दोन पायऱ्या उतरायच्या तिथं नळीवर सुतळी गुंडाळली होती, म्हणजे हाताला सुतळी लागली की पायानं जपायचं. अँगलची अणकुचीदार टोकं उलटी करून जमिनीत घातली होती आणि वरच्या कडांना सायकलचं जुनं टायर कापून बसवलं होतं. तीच नळी पुढं न्हाणीकडं आणि संडासाकडं गेली होती.

मी तात्यांकडं गेले. ते डाळिंबाच्या बागेत फांद्या छाटत होते.

"तात्या, ती नळी..."

"जुनीच हाय. बाग काढली तवापासनं गुंडाळून पडली हुती." ते कात्री थांबवेनात.

"आणि अँगल?"

आता ते थांबले. अबोला धरलेल्या त्या शेजाऱ्याच्या रानाकडं मान हलवून म्हणाले, "त्याच्या द्राक्षाच्या मांडवाचं हायती. ट्रॉलीत घालून आणलं आन् तुमच्या दारात वतलं. बोलला न्हाय कायबी. रोवायला मात्र दिसभर हुता." मग म्हणाले, "पायऱ्यापाशी सुतळी गुंडाळायचं त्यालाच सुचलं."

  तात्यांनी पुन्हा छाटणी सुरू केली.

ऊसतोडीच्या दिवसांत मला वेगळीच धास्ती वाटायची. कारखान्याला ऊस नेणारे ट्रॅक्टर आमच्या पाणंदीनंच जातात, मागं दोन ट्रॉल्या आणि छातीत धडधडेल असा गाण्यांचा डेक लावलेला. त्या आवाजात आईला काय ऐकू येणार? पण आमच्या वळणावर आले की डेक बंद व्हायचे. मी स्वतः बघितलं. परक्या जिल्ह्यातला, या हंगामापुरता आलेला ड्रायव्हर, त्यानं गाणं बंद केलं आणि स्टेअरिंगवरून वाकून म्हणाला, "आज्जी, दोन ट्रॉल्या हायती मागं. दुसरी जाईपातूर हलू नगा." आई जागची हलली नाही. दुसरी ट्रॉली गेल्यावर त्यानं लांबून हॉर्न दिला आणि मग डेक पुन्हा सुरू झाला. उसाची काही वाढी, शेंड्यांचा हिरवा पाला, रस्त्यात पडली होती. मागून येणाऱ्या बाईनं ती उचलून कडेला केली, तीही "आज्जी, मी" म्हणत.

इथवर जे घडलं त्यानं मी भारावून गेले होते. पण खरं अजून पुढंच होतं.

तात्यांच्या सुनेला दिवस गेले होते. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. इंदापूरच्या दवाखान्यात मुलगी झाली. बाळ-बाळंतीण घरी आल्यावर काकू आमच्याकडं आल्या. मी त्या दिवशी तिथंच होते.

माझ्या आईचा बाळं न्हाऊ घालण्यात हातखंडा. आमच्या वस्तीवरची, आसपासच्या वाड्यांवरची कितीतरी पोरं तिच्या पायांवर न्हाली. तात्यांचा मुलगा, म्हणजे आता जो बाप झाला होता, तोही. पण ते सगळं नजर असतानाचं.

काकू ओट्यावर टेकल्या आणि सरळ म्हणाल्या, "आक्का, उद्यापासनं या बरं का पोरीला न्हाऊ घालाया."

 आई म्हणाली, "आता माझं काय. मला दिसत न्हाय."

"अवो, तुमी कवा बघून घातलं न्हाऊ? सगळा येळ माझ्याशी बोलत बसायचा. पोराकडं मीच बघायची भ्याऊन."

मला राहवलं नाही. "काकू, कडक पाणी असतं. एवढंसं बाळ. काही झालं म्हणजे?"

काकूंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, पण मी काहीतरी भलतंच बोलले अशा नजरेनं. "सून म्हणली मला. माझ्या मनानं न्हाय आले मी. ती म्हणली, मावशींनाच बोलवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांचा मुलगा नळीचं भेंडोळं घेऊन आला. गोठ्यापासून नळीचा आणखी एक फाटा त्यानं बांधावरून पुढं ओढला आणि आपल्या अंगणात न्हाणीच्या दारापर्यंत नेला. बांधाशी चढ होता, तिथं सुतळी. आईनं धुतलेलं लुगडं नेसलं, हात कोपरापर्यंत साबणानं घासले, नखं माझ्याकडून कापून घेतली, आणि नळीला धरून निघाली. मी मागं मागं. कामावर जायचं होतं, मी फोन करून येत नसल्याचं कळवलं.

न्हाणीत पाट मांडला होता. आई बसली, पाय लांब केले, लुगडं गुडघ्यांपर्यंत घेतलं. कोपर पाण्यात बुडवून म्हणाली, "आजून एक तांब्या गार घाला." सून बाळाला घेऊन आली. ओली बाळंतीण, चेहरा उतरलेला, आणि तिनं आपलं पहिलं मूल एका आंधळ्या बाईच्या पायांवर ठेवलं.  माझे दोन्ही हात मात्र आपोआप पुढं गेले होते. काकूंनी ते धरून खाली केले.

आईनं आधी नुसता हात ठेवला. डोक्यावर, मग मानेखाली, मग पाठीवर. जणू काही बाळाला सांगत होती की मी आहे. मग तेल. तिची बोटं कपाळावरून कानांमागं, खांद्यावरून तळव्यांपर्यंत अशी चालली होती की मला माझा श्वास ऐकू येत होता. बाळ आधी रडलं, मग रडायचं विसरलं. सून तांब्यानं पाणी घालत होती, आई तोंडावर आडवा हात धरून ते पाणी बाजूला वळवत होती. एक थेंब नाकात गेला नाही.

मधेच आई थांबली. बाळाचा उजवा पाय धरून हसली.

"अंगठा आत दुमडतीया. बापाचाबी आसाच हुता."

दारात उभ्या असलेल्या बापानं खाली आपल्या पायाकडं बघितलं. सगळ्या हसल्या. सूनही हसली, घरी आल्यापासून पहिल्यांदा, असं काकू नंतर म्हणाल्या.

मी भिंतीला टेकून उभी होते. ही माणसं माझ्या आईची काळजी घेताहेत, असंच मी इतके दिवस समजत होते. नळी, डबा, पाणंदीवरच्या हाका, सगळं त्यातच धरत होते. आणि आज त्यांनी आपल्या घरातली सगळ्यात नाजूक चीज तिच्या मांडीवर आणून ठेवली, तिच्यावर उपकार म्हणून नाही, तर तिच्याशिवाय अडलंय म्हणून. आईच्या तोंडावर जे तेज होतं ते मी नजर असतानाही कधी पाहिलं नव्हतं.

मग ती रोजच जाऊ लागली. पुढं चारीकडच्या एका घरानंही तिला बोलावलं. नळी तिथवर पोचणारी नव्हती, तर ते स्वतः येऊन तिचा हात धरून नेतात आणि आणून सोडतात.

बाळाचं बारसं ठरलं तेव्हा काकूंचा फोन आला. "रजा काढ. तू आत्या हायस."

"मी?"

"मग कोण? माझ्या पोराला सख्खी भन हाय का दुसरी?"

आमचं नातं नाही, एक कूळ नाही. पण मी गेले. अंगणात मांडव, पाळण्याला झेंडूच्या माळा, बायकांची दाटी. आई पाळण्याशेजारी बसलेली. खोकून जाणाऱ्या त्या माणसाची बायको तिला वारा घालत होती. काकूंनी मला पाळण्याकडं ढकललं. मी वाकले, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन "कुर्रर्र" केलं आणि ठरलेलं नाव सांगितलं. बाळानं डोळे किलकिले करून माझ्याकडं बघितलं, आणि त्याच क्षणी माझ्या पाठीवर धपाधप धपके बसायला लागले. आत्याला बडवायची आमच्याकडं रीतच आहे. काकूंचा, त्या घासवाल्या बाईचा, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईचा, कुणाकुणाचा हात होता ते मला वाकल्यावाकल्या कळत नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, "सरका, आक्कांना मारू द्या की." हात क्षणभर थांबले. आईचा तळवा माझ्या पाठीवर चाचपत आला, मधोमध टेकला, आणि मग असा काही सणसणीत बसला की मी पाळण्यावरच ओणवी झाले, आणि अंगण हसण्यानं भरून गेलं.