ब्रेक दाबल्यावर विझणारा दिवा

गॅरेजच्या गल्लीत तिला कोणी नावाने हाक मारत नसे. गळ्यात कायम वीज येते का ते बघायच्या टेस्ट लॅम्पची वायर अडकवलेली असायची म्हणून ती टेस्टरताई, आणि बोलता बोलता नुसती ताई. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला सीटकव्हरं शिवणारा तिचा नवरा आणि मध्ये तिची अरुंद शेड. आधी ती पंख्यांच्या मोटरींचं वाइंडिंग करणाऱ्या कारखान्यात होती. तो बंद पडल्यावर तेच हात तिने गाड्यांच्या वायरिंगला लावले. पहिली दोन वर्षं गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "मिस्त्री कुठे गेलाय?" ती म्हणायची, "जेवायला गेलाय, तोवर मी बघते." मिस्त्रीचं जेवण काही संपायचं नाही, आणि गाडी मात्र सुरू होऊन निघून जायची.

स्वभाव तापट. नवऱ्याच्या भाषेत सांगायचं तर तिला फ्यूजच बसवलेला नव्हता. पण ती उगाच कोणावर तडकत नसे. तिचं डोकं फिरायचं ते झाकलेल्या जागी केलेल्या हलगर्जीपणाने. वायरला नुसता पीळ मारून वर टेप गुंडाळलेली दिसली, की ज्याने ती गुंडाळली त्या माणसाच्या सात पिढ्यांची ती चौकशी करायची.

एका सोमवारी सकाळी शेडसमोर मलईच्या रंगाची एक जुनी मोटार येऊन थांबली. पंचावन्न वर्षांची गाडी, पण रंग असा ताजा की पंक्चरवालाही हातातलं काम टाकून बघायला आला. गाडीतून इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस उतरला आणि त्याच्या मागून पांढऱ्या केसांची, ताठ पाठीची एक बाई.

"पाच मिनिटांचं काम आहे," तो माणूस म्हणाला. "सगळे दिवे लागतात एवढं एका कागदावर लिहून द्या. गाडी विकायचीय. आईचं आता वय झालंय." आई शेजारीच उभी होती. बॅटरी उतरलीय असं सांगावं त्या सुरात तो हे बोलला.

ताईचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. तिने त्या बाईंना ओळखलं होतं. शाळेत गणित शिकवायच्या. आठवीत त्यांनी ताईला अर्ध्या गुणाने नापास केलं होतं आणि ती वर्गाबाहेर रडत उभी राहिली तरी तो अर्धा गुण काही दिला नव्हता.

"बाई, बसा," ताईने स्टूल पुढे केलं.

हळूहळू सगळी हकीकत कळली. गाडी बाईंच्या वडिलांची. चार महिन्यांपूर्वी बाईंनी ती जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणाऱ्या एका मोठ्या कारागिराकडे सोपवली. हौशी मंडळी त्याला उस्ताद म्हणत. त्याने रंग चढवला, इंडिकेटरना नवे एलईडी बल्ब बसवले, "सगळं वायरिंग अपग्रेड केलंय" म्हणून सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी बाई बाजाराजवळ उजवीकडे वळत असताना मागून येणारी स्कूटर दारावर आदळली. स्कूटरवर पार्सलं पोचवणारा एक माणूस होता; त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. तो म्हणाला, इंडिकेटर नव्हता. बाई म्हणाल्या, मी दिला होता. उस्तादने वाहन परवाना कार्यालयाला लिहून दिलं, की गाडीतले सगळे दिवे चोख आहेत, चूक चालवणाऱ्याची. बहात्तर वर्षांच्या बाईंचा परवाना रद्द करायचा की नाही, ते येत्या गुरुवारी ठरणार होतं.

ताईने स्टिअरिंगजवळची इंडिकेटरची दांडी उजवीकडे केली. पुढचा दिवा लुकलुकला, मागचाही. डावीकडे केली, तिकडचेही लागले. टिकटिकही घड्याळासारखी.

"बघा," मुलगा म्हणाला. "आता द्या लिहून."

ताईने खिशातलं पेन काढलंसुद्धा. पुढे कितीतरी दिवस तिला याचीच लाज वाटत राहिली, की आपण पेन काढलं होतं.

"मी सिग्नल दिला होता," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मला टिकटिक ऐकू आली होती."

"आई, पुन्हा तेच नको. डॉक्टरांनी सांगितलंय ना, कधी कधी भास होतात."

ताईचं पेन थबकलं. ज्या बाईने रडणाऱ्या पोरीला अर्धा गुण खोटा दिला नाही, ती इंडिकेटरबद्दल थाप मारेल? बाई चुकू शकतात, ती मनात म्हणाली, पण गाडी तरी कुठे देवाने स्वतः जोडलीय? तिने पेन खिशात घातलं आणि डॅशबोर्डखाली उताणी शिरली.

आतून पहिली शिवी ऐकू आली. मग दुसरी. नवरा मशीन थांबवून दारात आला.

"अपग्रेड म्हणे!" ताई आतूनच ओरडली. "घरातल्या दिव्यांची वायर घातलीय गाडीत! सगळ्या एकाच लाल रंगाच्या! कुठली कुठे जाते हे त्याला तरी ठाऊक होतं का? आणि जोड बघा, नुसते पीळ! बाहेरून आरशासारखा रंग आणि आत हा उकिरडा!"

पण उकिरडा असला तरी दिवे लागत होते, हे खरं. ती बाहेर आली, हात पुसले आणि बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, त्या दिवशी वळताना काय काय केलंत? क्रमाने सांगा. एकही पायरी गाळू नका."

फळ्याकडे बघावं तसं बाईंनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "आरसा पाहिला. दांडी उजवीकडे केली. टिकटिक सुरू झाली, समोरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. मग ब्रेक दाबून वेग कमी केला. दुसरा गिअर टाकला आणि वळले."

"आता गाडीत बसा आणि हेच सगळं करा. गाडी हलवू नका फक्त."

ताई मागे जाऊन उकिडवी बसली. उजवा इंडिकेटर लुकलुकायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा. मग बाईंनी ब्रेक दाबला आणि दिवा विझला. त्याच बाजूचा ब्रेकचा दिवाही जेमतेम मिणमिणला. आत टिकटिक चालूच होती.

"पाय काढा." दिवा लुकलुकला. "दाबा." विझला.

ताईने मुलाला हाताला धरून मागे आणलं आणि आणखी चारदा दाखवलं.

"पण ब्रेक दाबून इंडिकेटर कोण तपासतं?" तो म्हणाला.

"ब्रेक न दाबता वळतं कोण?" ताई म्हणाली.

तिने टेस्ट लॅम्पच्या वायरीचं एक टोक दिव्याच्या धातूच्या बैठकीला लावलं, दुसरं बॅटरीच्या तारेला. लॅम्प लागला नाही. मग एका जाड वायरने ती बैठक बंपरच्या उघड्या बोल्टला जोडली. आता ब्रेक दाबला तरी इंडिकेटर ठणठणीत चालू राहिला. तिने बाईंना समजावलं, "वीज दिव्यात जाते, तशी तिला परतही यावं लागतं. परतीची वाट गाडीच्या पत्र्यातून असते. त्याने पत्र्यावर जाड रंग चढवला आणि त्या रंगावरच दिवा बसवला. वाट बंद. मग इंडिकेटरची वीज शेजारच्या ब्रेकच्या बल्बमधून चोरून निसटत होती. ब्रेक दाबला, की त्या बल्बमध्ये समोरूनच वीज येते. मग हिने जायचं कुठून?"

"पण मग आत टिकटिक कशी ऐकू येते?" बाईंनी विचारलं.

यावर मात्र ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुन्या गाडीत टिकटिक करणारी एक छोटी पत्र्याची डबी असते. एखादा दिवा गेला, की तिची चाल रेंगाळते नाहीतर बंदच पडते, आणि चालवणाऱ्याला लगेच कळतं. नवे बल्ब वीज कमी खातात, त्यामुळे जुनी डबी त्यांच्यावर चालत नाही. म्हणून उस्तादने नवी डबी बसवली होती. ती दिवे लागोत न लागोत, टिकटिकत राहते.

"तुमची गाडी तुमच्या तोंडावर खोटं बोलत होती, बाई. तुम्ही सिग्नल दिलात, हे खरं. त्या माणसाला दिसला नाही, हेही खरं. आणि तीन आठवडे सगळं गाव तुमच्या दोघांपैकी खोटं कोण ते शोधतंय!"

बाईंनी दांडी सरळ करून टिकटिक बंद केली. "मलाच वाटायला लागलं होतं," त्या म्हणाल्या, "की मला भास होतात. गेल्या आठवड्यात मेंदूची तपासणी करून आणली याने माझी."

मुलगा फोनमध्ये बघू लागला. "ठीक आहे, कळलं. आता दुरुस्त करून टाका लगेच."

"हातसुद्धा लावणार नाही," ताई म्हणाली. "गुरुवारपर्यंत हा दिवा असाच राहील."

गुरुवारी कार्यालयाच्या मागच्या आवारात गाडी उभी केली. निरीक्षक होते, हात गळ्यात बांधलेला स्कूटरवाला होता, बाई आणि मुलगा होते, आणि काळा चष्मा लावून, अत्तराचा घमघमाट सोडत उस्ताद होता. ताईने बाईंकडून ब्रेक दाबून घेतला. दिवा विझला. स्कूटरवाला एकदम ओरडला, "हेच! मी हेच सांगत होतो!"

उस्ताद हसला. "साहेब, गाडी तीन दिवस या मॅडमच्या शेडमध्ये आहे. त्यांनी आत काय खुडबुड केली असेल कोणी सांगावं? आमच्याकडून गाडी गेली तेव्हा सगळं चोख होतं."

ताई हेच ऐकायला आली होती. तिने डिकी उघडली. "साहेब, या दिव्याचे नट आतून बघा. दिवा बसवून झाल्यावर आतून पुन्हा रंग मारलाय; नटावर, वॉशरवर, पत्र्यावर, सगळ्यावर मिळून एकच रंगाची साय आहे. कुठे तडा आहे? कोणी पाना लावला असता तर ती फुटली नसती? मी दिवा उघडलेलाच नाही." मग तिने पिशवीतून पाना काढून उस्तादपुढे धरला. "तुमच्या हाताने उघडा."

उस्तादने हात पुढे केला नाही. शेवटी निरीक्षकांनी स्वतःच पाना लावला. कडकन आवाज झाला, रंगाचे टवके उडाले, आणि दिवा हातात आला तेव्हा त्याच्याखाली मलईच्या रंगाचा गुळगुळीत थर होता. पत्रा कुठे नखाएवढाही उघडा नव्हता.

"रंगाऱ्याची चूक आहे," उस्ताद म्हणाला.

"परवापर्यंत बाईंची होती," ताई म्हणाली. "आता रंगाऱ्याची. तुमच्या पाटीवर नाव कोणाचं आहे?"

निरीक्षकांनी बाईंवरचा ठपका काढला. उस्तादला लेखी समज देऊ म्हणाले.

"समज?" ताईचा आवाज सगळ्या आवारात घुमला. "या बाईंचा परवाना काढून घ्यायला निघाला होतात. या माणसाचं हाड मोडलं, वर खोटारडा ठरला. आणि ह्याला नुसती समज?"

"नियमात तेवढंच बसतं हो," निरीक्षक म्हणाले आणि कागद आवरू लागले.

मुलगा आईजवळ गेला. "झालं ना सगळं नीट? तरी पण आई, वयाचा विचार करता—"

"माझं वय माझ्या परवान्यावर लिहिलेलं आहे," बाई म्हणाल्या आणि हात पुढे केला. "चावी."

त्याने ती दिली. सॉरी मात्र म्हणाला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. ताईने त्या सॉरीची वाट पाहिली होती. बाईंनी पाहिली नसावी.

पुढचे चार दिवस ताई त्या गाडीत राहायलाच गेली म्हणायला हरकत नाही. लाल वायरींचं जंजाळ उपसून काढलं. प्रत्येक दिव्याला वेगळ्या रंगाची, गाडीसाठीच बनवलेली वायर घातली, जोड दाबून बंद केले, जुन्या दांडीवर ताण पडू नये म्हणून दोन रिले, म्हणजे जास्त वीज झेलणारे वेगळे स्विच, बसवले. प्रत्येक दिव्याच्या बैठकीपासून परतीच्या वाटेची, म्हणजे अर्थिंगची, एक काळी वायर गाडीच्या सांगाड्यापर्यंत, चासीपर्यंत नेली आणि तिथला रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला. नवऱ्याने वायरींच्या जुडग्याला सुती कापडाची नळी शिवून दिली, जुन्या गाड्यांत असायची तशी.

बाई म्हणाल्या, "ते नवे बल्ब काढूनच टाक. जुनेच बरे."

"बल्बांनी काय केलंय, बाई? भर उन्हात लांबून दिसतात. बसवणारा वाईट होता." तिने डबी मात्र बदलली. नवी डबी दिव्यांवर लक्ष ठेवणारी होती. एखादा विझला की टिकटिक दुप्पट वेगाने व्हायची. ताईने एक बल्ब काढून ती ऐकवली. बाईंनी उरलेले तीनही एकेक करून काढायला लावले.

स्कूटरवाल्याला त्याच्या कंपनीने काढून टाकलं होतं, अपघात त्याच्याच बेफिकिरीने झाला म्हणून. निरीक्षकांचा अहवाल घेऊन बाई आणि ताई दोघी तिथे गेल्या. तासभर बाकावर बसवून ठेवल्यावर व्यवस्थापक भेटला, आणि बाईंनी त्याला शाळेतल्यासारखं उभं करून अहवाल मोठ्याने वाचायला लावला. हाड जुळेपर्यंत स्कूटरवाल्याला गोदामातलं काम मिळालं. "मला कोणी तरी एकदा नीट विचारायला हवं होतं," एवढंच तो बोलला.

उस्तादच्या हातून गेलेल्या आणखी सात गाड्या त्या वर्षात ताईकडे आल्या. तिने प्रत्येकीत मालकाला बसवलं आणि ब्रेक दाबायला लावला. पाच गाड्यांचे दिवे विझले. त्या पाचांची यादी तिने कार्यालयात नेऊन दिली, पोचही घेतली. पुढे काही कळलं नाही.

मग एक दिवस वर्तमानपत्रात उस्तादची पानभर जाहिरात आली. 'आमची खासियत: प्रत्येक दिव्याला स्वतंत्र अर्थिंग.' ताईने ती दोनदा वाचली, चुरगळली आणि नवऱ्याच्या मशीनवर आपटली.

"निदान आता वायर तरी लावतोय," नवरा म्हणाला.

"मग आधी का नाही लावली?"

नवऱ्याने चुरगळलेला कागद बाजूला सारला आणि मशीनवर पाय ठेवला. ताई बाहेर जाऊन पुढच्या गाडीचं बोनेट उघडू लागली, आणि तिने ते जरा जास्तच जोरात वर ढकललं.