तोमिए-सानचा एन्र्यो

आमच्या ओसाकात ‘एन्र्यो’ नावाचं एक दुखणं आहे. त्यावर औषध नाही, कारण आम्ही त्याला गुण समजतो. अजून वाढू का म्हटलं की नको नको म्हणायचं, बसा म्हटलं की उभं राहायचं. आपल्यामुळे कुणाला तसदी पडू नये म्हणून सतत आखडून राहायचं. मला ते कधी जमलं नाही. मासळीवालीनं आखडून बसलं तर मासळी कोण घेईल?

तोमिए-सानच्या मात्र ते हाडीमाशी मुरलेलं. आमच्या गल्लीतलं सार्वजनिक स्नानगृह त्यांच्या सासऱ्यांचं. अख्खी गल्ली त्यांच्या कढत पाण्यात डुंबायची आणि ह्या बाई जन्मभर सगळ्यांच्या शेवटी, पाणी कोमट झाल्यावर उतरायच्या. कुणी बोलावलंच तर म्हणायच्या, "छे, माझं काय एवढं!"

इस्पितळात आम्ही शेजारी शेजारी आलो. माझा गुडघा, त्यांचं हृदय. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, छातीत जरा जरी दुखलं तरी उशाशी असलेली बेल दाबायची, उशीर झाला तर जिवावर बेतेल. निशिवाकी नावाची नर्स रोज विनवायची, "आजी, एन्र्यो करू नका हं."

"अजिबात नाही हो," असं म्हणून तोमिए-सान प्यायचं पाणी संपलं तरी कोरड्या घशानं पडून राहायच्या. त्या पोरी किती धावतात, म्हणे! मग मीच चिडून माझी बेल दाबायची.

एका दुपारी जेवून मला डुलकी लागली. डोळे उघडते तो निशिवाकी माझ्या दंडाला पट्टा बांधतेय.

"काय गं, काय झालं?"

"तुम्हाला कसंतरी होतंय ना? तोमिए आजींनी बेल दाबून सांगितलं."

"मला? अगं, मी घोरत होते!"

तेवढ्यात पलीकडून बारीक आवाज आला, "आलाच आहात तर... त्यांचं आटोपल्यावर, सावकाश... माझंही जरा बघाल का?"

बाईंचा चेहरा पांढराफटक, ओठ निळे. मग जी धावपळ झाली ती सांगत नाही. थोडक्यात वाचल्या.

खोलीत परत आणल्यावर मी त्यांना फैलावर घेतलं. "जीव चालला होता आणि माझं नाव सांगता?"

"चुकलंच. तुमची झोपमोड झाली."

"झोप गेली खड्ड्यात! मेला असतात ना!"

"तेच तर. शेजारी माणूस मेलेलं, तुम्हाला संध्याकाळी घास तरी उतरला असता का? म्हणून तर दाबली बेल."

मला राग आला आणि रडूही आलं. विचारलं, "आणि माझा पलंग रिकामा असता तर?"

त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचार केला. "मग कशाला दाबायची? कुणाला त्रास होणार होता?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझा गुडघा वाकवून पाहिला. गुडघा ठणठणीत होता. "छान! उद्या घरी जा," ते म्हणाले.

मी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी बोंब ठोकली, "आई गं, मेले!"