सिंथ कोणासाठी घेताय?

त्या माणसाने "कोणासाठी घेताय?" असं विचारलं नाही, तिथेच मला खटकायला हवं होतं.

कारण बाकी सगळ्यांनी विचारलं होतं. दुकानदाराने, सोनाराने, मला बघायला आलेल्या लोकांनी, डेमू गाडीत शेजारी बसलेल्या बाईनेसुद्धा! एक सिंथेसायझर घ्यायला मला तीन वर्षं लागली, आणि त्या तीन वर्षांतले किस्से आता आमच्या आप्पांच्या गोडाऊनमधल्या वायरींसारखे झालेत. एक ओढायला जावं तर दहा येतात. सांगितले की लोक हसतात. मग मीही हसते. सवय झालीय.

आधी आमची गँग सांगते. आप्पा म्हणजे आमचे मालक, यवतला साउंड सर्व्हिस चालवतात. हळद, लग्न, जयंती, प्रचार, सगळीकडे स्पीकर आमचे. गोडाऊनच्या वरच्या खोलीत स्टुडिओ आहे. तिथे सुनीलदादा किबोर्ड वाजवतो आणि मी कम्प्युटरवर ट्रॅक बनवते. रोज सकाळी दौंडहून डेमूने येते. कासुर्डीपासून दौंडपर्यंत कुणाच्या हळदीत तुम्ही नाचला असाल, तर बहुतेक माझ्याच ट्रॅकवर नाचलात. नाव अर्थात आप्पांच्या सर्व्हिसचं असतं.

आणि मी दचकते. कुकरला, हॉर्नला, मागून कुणी हाक मारली तर. बी.कॉम. झालेली मुलगी फुगा फुटला तरी किंचाळते, ही आमच्या गोडाऊनची फुकटातली करमणूक आहे. "अश्विनी, मागं काय हाय बघ!" एवढं म्हटलं तरी पुरतं.

फक्त एका आवाजाला मी दचकत नाही. लहानपणी आम्ही दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. यार्डात डिझेल इंजिन नुसतं उभं राहून घुमत असायचं. खिडकीच्या काचा बारीक थरथरायच्या आणि मला गाढ झोप लागायची. तो आवाज मला बनवायचा होता. कम्प्युटरवर तो जवळपास यायचा आणि पातळ पडायचा. म्हणून सिंथ हवा होता.

*

पुण्याच्या दुकानात मी सुनीलदादाला सोबत नेलं, ही पहिली चूक.

सेल्समनने दादाला खुर्ची दिली. "सर, कोणासाठी घेताय? स्वतःसाठी?"

"न्हाई, हिच्यासाठी."

सेल्समनने माझ्याकडे बघितलं आणि खालच्या कप्प्यातून एक रंगीत किबोर्ड काढला. त्याचं लाल बटण दाबलं की कुत्रा भुंकतो. मी दचकले. "बघा, मॅडमना आवडला!"

मी काचेमागचा सिंथ बोटाने दाखवला. रोज व्हिडिओत बघितलेला, नेमका तोच. त्याने तो काढला आणि हेडफोन दादाला दिला. दादाने पट्टी दाबली. आवाज नाही. परत दाबली. नाही. हेडफोन काढून स्पीकर लावला, तरी नाही. सेल्समन म्हणाला, "पीस डिफेक्टिव्ह दिसतोय, सर. दुसरा मागवावा लागेल."

मी पुढे झाले आणि एक बटण फिरवलं. आवाज गाळणारा फिल्टर बंद होता, बाकी काही नाही. आवाज असा आला की शोकेसच्या काचा वाजल्या.

सेल्समन खूश होऊन दादाला म्हणाला, "तुमचा हात लागला आणि सुरू झाला बघा, सर!"

*

सुनीलदादा माणूस वाईट नाही. पण आमच्या भागातले किबोर्डवाले आवाज नंबराने ओळखतात. अमुक नंबरला सनई, तमुक नंबरला पुंगी. वरातीत पब्लिक तापलं की कुणीतरी ओरडतो, "दादा, बारा लाव, बारा!" आणि पुंगी सुरू होते.

त्यामुळे यवतला परतल्यावर दादाने आप्पांना पहिला रिपोर्ट दिला, "आप्पा, त्यात नंबरच न्हाईत."

"नंबर न्हाईत म्हंजी?"

मी समजावलं. या सिंथमध्ये तयार आवाज नसतात. बटणं फिरवून आवाज आपण घडवायचा.

आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हंजी आवाज देतच न्हाईत, आन् पैसं घेत्यात? उद्या हाटेलवाला म्हनंल, शेगडी घ्या आन् भजी तुमची तुम्ही तळा!"

"आप्पा, मला भजी तळायचीच आहेत."

"लगीन झाल्यावर तळशीलच की!"

सगळं गोडाऊन हसलं. मला आणखी एक चहा मिळाला.

*

लग्नाचा विषय निघालाच आहे तर शिरूरचं स्थळ सांगते.

मुलगा रांजणगावच्या कंपनीत होता. सोबत त्याची आई आणि मामा. आई म्हणाली, "छंद कसला आहे मुलीला?" माझी आई म्हणाली, "संगीताचा." "मग पेटी येत असंल?" मी म्हणाले, "सिंथेसायझर घेणार आहे." मामांनी पोह्यांची डिश बाजूला ठेवून विचारलं, "कोणासाठी?"

मुलगा मात्र वेगळा वाटला. आम्हाला दोघांना गच्चीवर पाठवलं तर त्याने नोकरी, पगार, स्वयंपाक, काही विचारलं नाही. विचारलं, "कुठलं मॉडेल घेणार?" मी अर्धा तास बोलले! कुठल्याचा तळाचा आवाज भरीव, कुठल्याची बटणं पुढे सैल होतात, सगळं. तो मोबाइलमध्ये लिहून घेत होता. मला वाटलं, हा माणूस ऐकतो.

चार दिवसांनी मामांचा फोन आला. "पोरगी चांगली हाय, पन जरा घाबरट वाटती. आमच्या घरात भांड्याला भांडं लागतं. तिला झेपायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मुलाचा मेसेज आला. "हाय. त्या तीन मॉडेलपैकी कुठलं घेऊ?"

मी काय केलं असेल? उत्तर दिलं. "पहिलं." म्हणजे जे मला हवं होतं ते!

वर्षभरात त्याचं लग्न झालं. मग त्याच्या स्टेटसला फोटो आला. हॉलच्या शोकेसमध्ये तो सिंथ, वर क्रोशाचं कव्हर. मी 'अभिनंदन' पाठवलं, कारण मी तशीच आहे. त्याचा रिप्लाय आला, "थँक्यू. कंपनीत कॅमेऱ्याचा मोबाइल चालत नाही म्हणून फोनसुद्धा घरीच ठेवून जातो. सिंथ वाजवायला वेळच नाही. पण मिसेसला सांगून ठेवलंय, हात लावायचा नाही. नाजूक मशीन आहे."

नंबर मी 'स्थळ शिरूर' नावाने सेव्ह केला होता. खोडायचा राहून गेला.

*

यानंतर आईने एक दिवस कपाटातून डबा काढला. त्यात तिच्या पाटल्या होत्या, माझ्या लग्नासाठी ठेवलेल्या.

"आई, या नको."

"का नको? माझ्या हातात बसल्याच कधी? डब्यातच बसल्या. बाबांना आत्ता सांगू नको. ते आधी कशाला म्हणतील, मग कोणासाठी म्हणतील, आणि मग नको म्हणतील."

दौंडच्या बाजारात सोनाराने पाटल्या हातात घेऊन विचारलं, "कोणासाठी मोडताय, वहिनी?"

"मुलीसाठी."

"कुठलं स्थळ?"

आईने माझ्याकडे बघितलं. तिला खोटं बोलता येत नाही. मग म्हणाली, "यवतचं."

बाहेर आल्यावर तिने एकच गोष्ट मागितली. "मशीन आलं की एकदा मला ऐकव. तू म्हणतेस ना, इंजिनचा आवाज. क्वार्टर सोडल्यापासून मलाही धड झोप नाही गं."

*

पाटल्या मोडूनही नवा सिंथ आवाक्याबाहेरच होता. म्हणून सेकंडहँड. ऑनलाइन एक माणूस भेटला. मॉडेल तेच, परदेशातून आलेलं. मी फोन केला. त्याने पत्ता विचारला, पिनकोड विचारला, "परवा पाठवतो, मॅडम" म्हणाला. बस्स. कोणासाठी, कशाला, सर आहेत का घरात, काही नाही!

मला इतका आनंद झाला की मीही त्याला काही विचारायचं विसरले. कुठल्या देशातलं, किती व्होल्टचं, काही म्हणजे काही नाही. ज्या गोष्टी मी गच्चीवर अर्धा तास दुसऱ्याला समजावल्या होत्या, त्यातली एकसुद्धा स्वतःसाठी विचारली नाही.

*

पार्सल यवतला आलं. आमच्या गोडाऊनचा नियम आहे, नवीन मशीन आलं की आधी पूजा आणि पहिलं बटण आप्पांचं. ॲम्प्लिफायर असो की पंखा. हळद, कुंकू, हार, नारळ.

मी बटणांवर कापड घातलं, कुंकू आत जाऊ नये म्हणून. आप्पा म्हणाले, "झाकलेल्याची कुठं पूजा अस्ती व्हय?" आणि कापड काढलं. पहिल्या ओळीतली तीन बटणं कुंकवाने भरली. मी ती ओढणीने पुसत बसले. तळाचं, कंपनीची माहिती असलेलं स्टिकर खरवडलेलं होतं, तेही मला दिसलं. शुभ कामात शंका कशाला काढायची?

प्लग आमच्या बोर्डात बसेना. आप्पांनी पकड घेतली. "तीस वर्स वायरी छाटतोय." जुना प्लग कापून टाकला, मिनिटभरात आपला तीन पिनांचा बसवला. सुनीलदादाने पायरीवर नारळ फोडला.

मी किंचाळले. सगळे हसले.

दचकून मी खाली बघितलं तर पायाशी तो कापलेला प्लग पडला होता. त्याच्या पिना चपट्या होत्या. तसला प्लग मी परदेशातल्या व्हिडिओतच बघितला होता, जिथे घरातली वीज आपल्या निम्म्यापेक्षाही कमी व्होल्टची असते.

"आप्पा, थांबा!" मी पुन्हा किंचाळले.

सगळे पुन्हा हसले. या वेळी जास्त. दादा तर म्हणाला, "अगं, एकच नारळ व्हता!"

आणि आप्पांनी बटण दाबलं.

आवाज झालाच नाही. नुसता जळका वास आला. आप्पांनी दोनदा हुंगलं, पकड खिशात टाकली आणि म्हणाले, "भायेरच्या मालात आता दम न्हाई ऱ्हायला."

मग प्रसाद वाटला. मलाही खोबरं दिलं.

*

विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

पुण्यात एक रिपेअरवाले काका सापडले. त्यांनी झाकण उघडलं. "ट्रान्सफॉर्मर मी आपल्या लाइनचा बांधून देतो. पण पुढचे दोन पार्ट जळालेत आणि त्यांच्यावरचे नंबर गेलेत. हेच मॉडेल दुसऱ्या कुणाकडे असेल तर उघडून आतला फोटो आण. वाजतं करून देतो."

सगळी दुनिया नंबर विचारते तेव्हा माझ्या मशीनला नंबर नसतात. आणि आता नंबरासाठीच अडलं होतं!

घरी आई रोज विचारायची, "वाजतं का गं?" मी म्हणायचे, "हो." चौथ्या दिवशी ती म्हणाली, "रविवारी येते यवतला. बाबांना म्हणेन, भुलेश्वरच्या देवळात जातेय."

हे मॉडेल माझ्या माहितीत एकाच घरात होतं. स्थळ शिरूर.

मी रोज संध्याकाळी फोन लावायचे, तो ड्युटीवरून आल्यावर. पूर्ण रिंग वाजायची, बंद व्हायची. मेसेजवर निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही. त्याला काय वाटत असेल ते मला कळत होतं. नाकारलेली मुलगी, लग्नानंतर, रोज संध्याकाळी फोन करतेय. सुनीलदादा म्हणाला, "सकाळी कर की, फोन घरीच असतो म्हणालीस." मी म्हणाले, "बायकोने उचलला तर? कोण बोलतंय म्हणून सांगू?"

दादाने स्वतःचा चहा माझ्यापुढे सरकवला. पहिल्यांदाच.

शनिवार उजाडला. मी गोडाऊनच्या जिन्यात बसले. हायवेवर एक कंटेनर हॉर्न देऊन गेला, मी दचकले, फोन हातातून निसटला, उचलला. सकाळचे अकरा वाजले होते. तो पहिल्या पाळीला गेलेला असणार. मनात वाक्य जुळवलं, ताई, मी अश्विनी, तुमच्या घरातल्या एका मशीनचं झाकण उघडायचंय. हे कुणाला खरं वाटेल? तरी लावला.

एक रिंग. दोन. पाच. सात.

उचलला. आधी आवाज आला. अगदी खालून, रुंद, एका जागी उभा राहून घुमणारा. मोबाइलचा एवढासा स्पीकर त्याने बारीक थरथरत होता.

मग त्याच्या वरून एका बाईचा आवाज आला, दबका आणि घाईतला.

"हॅलो, कोन? जरा थांबा हां. एक बोट पट्टीवर दाबून धरलंय. सोडलं की जातंय ते."