नाव घातलेला डबा

टोकियोतल्या आमच्या ओजिमा भागातून कोणी भारतात परत चाललं की त्यांचं निम्मं घर आमच्या घरी यायचं. त्या वर्षांत पुण्यामुंबईची सॉफ्टवेअरवाली मंडळी टोकियोत लोंढ्याने येत होती आणि कंत्राट संपलं की तशीच परत जात होती. विमानात न्यायचं वजन ठरलेलं. इथे मोठी वस्तू टाकायची तर आधी महापालिकेला फोन करायचा, मोडक्या जपानीत ती वस्तू काय आहे ते समजावायचं, कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून त्यासाठीचं स्टिकर विकत आणायचं आणि ते चिकटवून सांगितलेल्या सकाळी वस्तू खाली नेऊन ठेवायची. जायच्या आठवड्यात एवढं सगळं कोण करणार? त्यापेक्षा आमचा दरवाजा सोपा होता.

"ताई, तुमच्याकडे असू दे हं. पुढच्या पोस्टिंगला आलो की नेऊ."

मी म्हणायचे, "असू दे."

न्यायला कोणी आलं नाही. कुकर न्यायला कोण पुन्हा टोकियोला येतं?

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि जेमतेम टेबल मावेल एवढं स्वयंपाकघर. त्यातली तातामीची, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीची, छोटी खोली मुलीची होणार होती. तिच्यात हळूहळू लोकांचे भात शिजवायचे कुकर, इस्त्रीची टेबलं, बाळाच्या ढकलगाड्या आणि गाद्या जमल्या. एकीने तर गणपतीचं थर्माकोलचं मखर ठेवलं होतं, त्यावर तिच्या मुलांनी हाताने टिकल्या चिकटवलेल्या. ते कसं टाकणार? ज्यांना माया होती ते निघून गेले आणि माया माझ्या गळ्यात पडली. त्यात माझं स्वतःचं होतंच. मुलीची बालवाडीपासूनची चित्रं, पुण्यातल्या दुकानांच्या पिशव्या, आईने भांडी गुंडाळून दिलेले वर्तमानपत्रांचे कागद. ते कागद मी हाताने सरळ करून ठेवायचे आणि कधीतरी वाचायचे. कुठल्या पेठेत दोन दिवस पाणी येणार नाही, कोणाच्या सोसायटीतून सायकली चोरीला गेल्या. टोकियोत बसून मला पेठेतल्या पाण्याची काळजी वाटायची.

आई गेल्यावर हे सगळं हाताबाहेर गेलं. भावाचा फोन आला तेव्हा लगेच विमानात जागा मिळेना. मी पुण्याला पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. वहिनीने चहा दिला, भावाने कपाटाची किल्ली दिली आणि "तुला काय हवं ते घे" म्हणाला. मला काय हवं ते त्या कपाटात नव्हतं. तरी मी एक खोकं भरून आणलं, आणि तिथून पुढे घरात आलेली कुठलीच वस्तू बाहेर गेली नाही.

नवरा आधी चिडला, मग समजावून थकला, मग गप्प झाला. तो एका बँकेच्या प्रोजेक्टवर होता, घरी यायचा तो झोपायलाच. खोक्यांमधून वाट काढत गादीपर्यंत पोहोचायचा आणि अंग टाकायचा. एकदा म्हणाला, "ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचा जुना कोड सांभाळतो, घरी आल्यावर दुसऱ्यांच्या गाद्या." मी हसले नाही, तोही हसला नाही. मुलगी स्वयंपाकघरात, टेबल भिंतीला सरकवून, फ्रीजशेजारी झोपायची. तिने कधी तक्रार केली नाही. मला वाटायचं, तिला चालतंय.

ती दुसरीत असताना एका दुपारी तिच्या वर्गातली मैत्रीण तिच्याबरोबर दारापर्यंत आली. मी आत भाजी चिरत होते. मुलीने दार अर्धवट उघडलं, दप्तर आत सरकवलं आणि मैत्रिणीला जपानीत म्हणाली, "इथे नको. हे आमचं सोको आहे. घर दुसरीकडे आहे."

मला जपानी फार येत नव्हतं, पण हा शब्द येत होता. आमच्या भागात कालव्याच्या कडेला जुन्या इमारतींवर तो मोठ्या अक्षरांत लिहिलेला असायचा. सोको म्हणजे गोदाम. मुलगी ते अगदी सहज म्हणाली. खोटं बोलताना माणूस अडखळतं, तशी अडखळली नाही, म्हणजे हे ती आधीही कोणाला तरी म्हणाली असणार. मला इतकी लाज वाटली की मी भाजी तशीच टाकून न्हाणीघरात जाऊन बसले.

नवऱ्याने ऑफिसात विचारून इंग्रजी बोलणारी एक डॉक्टर शोधली. माझ्याहून वयाने बरीच मोठी, केस अगदी बारीक कापलेली जपानी बाई. घरातल्या पसाऱ्याला आजार म्हणतात हे मला तिच्याकडे कळलं. आमच्याकडे पसाऱ्याला पसाराच म्हणतात आणि त्यावर औषध म्हणजे सासूबाईंचा फोन. डॉक्टर म्हणाली, "ही वस्तू लागेल का, असं विचारूच नका. तुमचं उत्तर नेहमी हो येणार. वस्तू हातात घ्या आणि विचारा, ही कोणाची?"

हे ऐकायला सोपं होतं. पण दमणूक कशाला म्हणतात ते मला त्या वर्षी कळलं. एक पिशवी बाहेर काढायची म्हणजे अख्खी सकाळ जायची. मुलीच्या शाळेतून कचऱ्याचा तक्ता आला होता, तो फ्रीजवर लावला. कुठल्या वारी मोएरू गोमी म्हणजे जळणारा कचरा, कुठल्या वारी न जळणारा. मखर कशात जातं हे मला त्या तक्त्यात सापडेना, मुलीला विचारलं तर तिने क्षणात सांगितलं. टिकल्या मात्र तिने काढून घेतल्या. कुकरवाल्यांना, गाद्यावाल्यांना मी एकेक करून मेल लिहिली. बहुतेकांना आठवतच नव्हतं. एकीने लिहिलं, "अय्या, तुम्ही अजून ठेवलंय?" त्या "अय्या"चा मला भयंकर राग आला, आणि त्या रागाच्या भरात मी चार गाद्या एकदम काढल्या. कधीकधी रागही कामाला येतो.

शेवटी उरलं आईचं खोकं, आणि तो डबा.

खोकं एकेक वस्तू करत रिकामं झालं, पण डबा खोक्यातला नव्हता. तो आधीपासूनच माझ्याकडे होता. आईने कोणाबरोबर तरी गोडा मसाला पाठवला होता, तिच्या सहा डब्यांच्या सेटमधल्या मधल्या डब्यातून. झाकणावर आणि बुडाला तिचं नाव घातलेलं. भांड्यांच्या दुकानात यंत्राने टरटर आवाज करत घालून देतात तसं, थोडं वाकडं. नंतर प्रत्येक फोनवर ती विचारायची, "डबा कधी पाठवतेस? माझा सेट मोडलाय." मी म्हणायचे, पाठवते. पण डबा रिकामा परत द्यायचा नाही हे तिनेच शिकवलेलं. त्यात इथून काय घालून पाठवायचं ते मला सुचेना. जपानी बिस्किटांत अंडं असेल, चहा तिला गवती लागेल, सुकामेवा तिथेच चांगला मिळतो. काहीतरी चांगलं मिळालं की पाठवू, असं म्हणत दोन माणसं भारतात जाऊनही आली आणि डबा माझ्याकडेच राहिला. मग ती गेली. डबा परत घेणारंच कोणी राहिलं नाही.

तळाशी मसाला होता. वास कधीच उडून गेला होता. न जळणारा कचरा न्यायच्या आदल्या दिवशी मी तो कागदावर काढला आणि जळणाऱ्या कचऱ्यात टाकला. तेव्हा मला रडू आलं. तिच्या अग्नीला मी नव्हते, आणि तिच्या हातचं शेवटचं काही मी माझ्या हाताने जळणाऱ्यात टाकत होते. कुठल्याही भाषेत तो शब्द मला नको होता. रडून झाल्यावर डबा घासला, पुसला आणि न जळणाऱ्या कचऱ्याच्या पारदर्शक पिशवीत सगळ्यात खाली ठेवला. ही कोणाची, याचं उत्तर मी प्रामाणिकपणे दिलं होतं. आईची. आणि आई नव्हती.

सकाळी मुलगी शाळेला जाताना पिशवी खाली नेऊन ठेवायची. त्या दिवशी ती पाच मिनिटांत वर आली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात झाकण, पिवळी टोपी डोळ्यांवर घसरलेली.

"आई, हे चुकून गेलं. नाव आहे ह्याच्यावर."

"चुकून नाही. मीच टाकला."

तिने डबा उलटा करून बुडावरचं नाव दाखवलं. "नाव असलं तर ते गोमी नाही. ओतोशिमोनो. शाळेत सेन्सेइ सांगतात."

ओतोशिमोनो म्हणजे हरवलेली वस्तू. तिच्या वर्गात त्यासाठी एक खोकं होतं. नाव असेल तर वस्तू ज्याची त्याला परत जायची, नसेल तर खोक्यात पडून राहायची. म्हणून तर शाळेत घालताना आम्हाला तिच्या प्रत्येक वस्तूवर नाव चिकटवायला लावलं होतं. गणिताच्या पेटीतल्या बोटाएवढ्या काड्यांवरसुद्धा. मी आणि नवऱ्याने त्या काड्यांवर इवलाली स्टिकरं लावत एक रविवार घालवला होता आणि जपान्यांना नावं ठेवली होती. चमच्यांवरसुद्धा नावं घालून घेणाऱ्या घरातली मुलगी मी, आणि मी हसत होते.

"कोणाचं नाव आहे?" तिने विचारलं. तिला देवनागरी वाचता येत नव्हती.

मी वाचून दाखवलं. आईचं नाव मी तोंडाने बहुतेक पहिल्यांदाच घेतलं. आईला कोण नावाने हाक मारतं? सरकारी कागदावर लिहिलं असेल, बोलले कधीच नव्हते. आवाज मलाच परका वाटला.

"म्हणजे आजी," मुलगी म्हणाली. मग थोडा विचार करून, "आजीला देता येणार नाही. मग मी घेऊ?"

शाळेला उशीर होत होता, खाली तिच्याबरोबर चालत शाळेला जाणारी गटातली मुलं थांबलेली. मी हो म्हणाले. डॉक्टरला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ते तुमच्यासाठी ठेवलंत की तिला दिलंत, हे पुढे कळेल." ही बाई मला त्या दिवशी मुळीच आवडली नाही.

खोली मोकळी झाली. तातामीवर खोक्यांचे चौकोनी डाग राहिले, ते गेले नाहीत. मुलीने डबा खिडकीशी ठेवला, आजीच्या नावाखाली स्वतःच्या नावाचं जपानी स्टिकर चिकटवलं आणि त्यात खोडरबर आणि त्या मखराच्या टिकल्या भरल्या. ती शाळेत गेली की मी केर काढायला म्हणून खोलीत जायचे आणि डबा आहे ना ते बघायचे. रोज. हात लावायचे नाही, फक्त बघायचे. नवऱ्याला हे माहीत होतं.

आता ती मैत्रीण आमच्या घरी यायची. दोघी खोलीचं दार लावून हसत बसायच्या. माझ्या चकल्या तिला फार आवडायच्या, त्यांना ती मसाल्याचं सेनबेइ म्हणायची, म्हणजे त्यांच्याकडचं तांदळाचं कुरकुरीत बिस्किट. दिवाळी होऊन गेल्यावर कळलं की तिच्या वडिलांची बदली झाली आणि ते योकोहामाला चाललेत. योकोहामा काही लांब नाही, ट्रेनने तासाभराचं. पण त्या वयात ते लांबच असतं.

ते निघायच्या दिवशी मी बाजारातून आले आणि सवयीने खोलीत डोकावले. खिडकीशी डबा नव्हता. खोडरबर आणि टिकल्या एका कागदावर नीट मांडून ठेवलेल्या. मी खोक्यांच्या डागांवरच खाली बसले. मनात पाठोपाठ हिशोब चालू होता, की त्यांची इमारत पलीकडच्याच गल्लीत आहे, लहान मुलांचं काय, मोठ्यांनी जाऊन सांगितलं तर कोणीही परत देईल, फक्त तो एक डबा, बाकी सगळं मी टाकलं की.

मुलगी आली. नाक लाल झालं होतं, रडून आली असावी. माझ्याकडे बघून तिला लगेच कळलं.

"तिला दिला," ती म्हणाली. "रिकामा नाही दिला. चकल्या घातल्या, उरलेल्या सगळ्या."

मी रिकाम्या खिडकीकडे बघितलं.

"नावं आहेत त्याच्यावर, आई. हरवला तरी परत येईल." मग ती माझ्याजवळ बसली आणि घाबरून, हळू आवाजात म्हणाली, "अजून ट्रक गेला नाहीये त्यांचा. मागून आणू का?"

तिने चपला काढल्याच नव्हत्या. तातामीवर तशीच बसली होती, पळत जायच्या तयारीत.

"असू दे," मी म्हणाले.