डावा हात

देवासच्या त्या दातांच्या दवाखान्यात डॉक्टर कसे आहेत, हे मला अजून नीट ठाऊक नाही. मी जातो तो वासंतीताईंच्या भरवशावर. त्या डॉक्टरांच्या मदतनीस, पन्नाशी उलटलेल्या, मूळच्या धारच्या. मी तीस वर्षं कारखान्यात अवजड यंत्रं हाताळलेला माणूस, पण सुई दिसली की माझी गाळण उडते. लपवून काय करायचं?

भुलीच्या औषधाची बारीकशी काचेची नळी ताई आधी मुठीत धरून ठेवतात. थंड औषध जास्त झोंबतं, असं त्यांचं म्हणणं. हिरडी कोरडी करून तिला बधिर करणारं जेल लावतात आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहतात. डॉक्टरांनी घाई केली तर सरळ सुनावतात, "सर, अभी दो मिनट नहीं हुए." टोचताना पेशंटचा गाल हलवत राहतात, औषध सावकाश सोडायला लावतात. आणि सगळ्यांना एकच सांगणं, "डावा हात वर करा, आम्ही थांबू." एकदा बदनावर गावची एक बाई आपल्या मुलीला "चींटी काटेगी बस" म्हणाली, तर ताई तिच्यावर अशा कडाडल्या की बाहेर बसलेले आम्ही सगळे चिडीचूप.

मला ते अतीच वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. परवा माझ्या तोंडात जेल होतं, मला बोलायची सोय नव्हती, तेव्हा ताई बोलल्या.

"भाऊ, आम्ही धारला होतो. माझी ईशानी सहा वर्षांची. दाढ काढायची होती. 'आई, सुई नाही ना?' म्हणाली. मी म्हटलं, 'नाही गं, डॉक्टर नुसतं बघणार.' तिचे दोन्ही हात मीच धरले. सुई आली ती तिच्या डोक्यामागून. रडली नाही हो ती. माझ्याकडे बघत राहिली."

ते बघणं अठरा वर्षं ताईंच्या घरात राहिलं. पोळी वाढताना, वेणी घालताना, कुठेही. त्यापायीच त्यांनी ही नोकरी धरली, पण ते काही सुटलं नाही. खुर्चीत कुणीही बसो, ताईंना तिथे सहा वर्षांची पोर दिसते. माझ्यातसुद्धा दिसत असणार. आणि ईशानीने आईला काही विचारणंच सोडून दिलं होतं.

गेल्या महिन्यात ईशानीचा गाल सुजला, पार डोळा मिटेपर्यंत. वर्षभर ती गोळ्यांवर ढकलत होती. पू पसरतोय, आता दाढ काढली नाही तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं. ती इथल्या याच खुर्चीत बसली आणि तिने आईला विचारलं, "सुई आहे?"

"आहे. टोचेल. हात वर केलास की थांबू."

"थांबवणार कोण?"

"मी."

सुई जवळ आली तसा ईशानीचा हात वर गेला. डॉक्टर थांबले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा डॉक्टर वैतागले, "ताई, पकड़ लो ना हाथ, दो सेकंड का काम है." ताईंनी आपलेच हात पाठीमागे नेले. "नहीं सर."

चौथ्यांदा हात खालीच राहिला.

दाढ निघाली. कापूस दाताखाली धरून, जड पडलेल्या ओठांनी ईशानी म्हणाली, "त्या दिवशीपण मी हातच वर करत होते, आई. तू सोडला नाहीस."

एवढं सांगून ताई माझ्या खुर्चीशेजारी तशाच उभ्या राहिल्या, घड्याळाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"ताई, दो मिनट हो गए क्या?" परवा डॉक्टरांनाच विचारावं लागलं. त्यांनी हात पुढे केला होता, त्यांना भुलीच्या औषधाची नळी हवी होती. ताईंची मूठ मिटलेलीच होती.