चौलहून परळला: ताई, मी आणि जाधवांच्या शेळ्या

मागच्या महिन्यात या ब्लॉगवर एका वाचक बाईंनी विचारलं होतं, की त्यांचा मुलगा माणसांशी बोलत नाही, पण जनावरांत रमतो. अशा मुलांना प्राण्यांसोबत काम देणारी एक जागा मुंबईत आहे असं कळलंय, तर बघायला जावं का? जावं की. पण डोळे उघडे ठेवून जावं. मी नव्वदीला टेकले आहे आणि अशाच एका जागेचा शोध घेत मुंबईला गेले होते, ते नवे पैसे चालू झाले त्या साली, म्हणजे सत्तावन्नला. तेव्हा याला उपचार वगैरे कुणी म्हणत नव्हतं.

आमचं घर चौलला. मी बावीस वर्षांची, गावच्या शाळेत शिक्षिका. माझी ताई, सुशीला, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, पण समज सात-आठ वर्षांच्या मुलीची. कुणी अचानक हात धरला की ओरडायची, कधी फटकाही मारायची. वडील आधीच गेले होते. त्या श्रावणात आई गेली आणि ताई माझ्यावर आली. माझं लग्न नाशिकला ठरत होतं. त्या लोकांनी पत्रात गोड शब्दांत लिहिलं होतं, की बहिणीची व्यवस्था आधी व्हावी.

अशात गिरगावातल्या फणसवाडीहून मधुदादाचं पत्र आलं. मधुदादा माझा चुलतभाऊ, फोर्टात कारकून. त्याने लिहिलं, "परळला जाधव नावाचा एक माणूस आहे. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता, म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा. आता शेळ्या पाळतो आणि ताईसारख्या माणसांना दिवसभर त्यांच्या कामाला लावतो. ती माणसं शांत होतात म्हणे. येऊन बघ."

मी पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा एकच विचार आला: फुकटात राबणारी माणसं कुणाला नको असतात? त्याचं पितळ उघडं पाडायचं, असं ठरवूनच मी दिवाळीनंतरच्या सुट्टीत ताईला घेऊन निघाले.

पहिला दिवस: रेवस, भाऊचा धक्का, फणसवाडी

चौलहून एसटीने अलिबाग, तिथून दुसऱ्या एसटीने रेवस, रेवसहून लाँच. हा रस्ता आजही तसाच आहे. भरतीची वेळ विचारून निघा, नाहीतर रेवसला ताटकळत बसावं लागतं. लाँचमध्ये ताईने माझ्या पदराचं टोक दातात धरून ठेवलं होतं. भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर मी व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाडी केली. ट्राम स्वस्त पडली असती, पण गर्दीत कुणाचा धक्का लागला असता तर ताईने काय केलं असतं याची खात्री नव्हती.

गिरगावात सगळीकडे भिंती रंगलेल्या. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. त्या चळवळीतल्या गोळीबारांना दोन वर्षंही झाली नव्हती. नवखा माणूस वाडीत शिरला की गॅलरीतली बोलणी थांबायची, हे मला पहिल्याच संध्याकाळी जाणवलं.

मधुदादाच्या घरी वहिनीने भरलेल्या बोंबलांचं जेवण केलं होतं. ताई जेवून झोपल्यावर ती म्हणाली, "विमल, स्पष्ट बोलू? फुकट कोण कुणाचं करतं? आणि तो जाधव कोणातला ते ठाऊक आहे ना? मागच्या वर्षी धर्म बदलला त्यांनी. उद्या तिथं ताई पाणी पिणार, चहा पिणार."

"वहिनी, तो चोर आहे की नाही ते आधी बघू दे," मी म्हणाले. यात माझा मोठेपणा काही नव्हता. वहिनीच्या बोलण्यातला निम्मा भाग माझ्याही मनात होता, फक्त ती बोलून दाखवत होती.

दुसरा दिवस: परळ

सकाळी उशिरा, गर्दी ओसरल्यावर ट्रामने निघालो. नव्या पैशांचा घोळ असा होता की कंडक्टर आणि उतारू दोघंही चुकत आणि दोघंही समोरच्याला लबाड समजत. लालबागच्या पुढे उतरून मी एका चहाच्या हॉटेलात पत्ता विचारला. गल्ल्यावरच्या माणसाने आधी मला, मग ताईला न्याहाळलं.

"जाधवांकडे काय काम? कुणी पाठवलं?"

"भावाने."

"भाऊ काय करतो? सरकारी आहे?"

मी नाही म्हणाले. त्याने बोट दाखवून रस्ता सांगितला, पण मी वळून पाहिलं तेव्हा तो दारात येऊन आमच्याकडेच बघत होता.

गिरणीची लांबलचक भिंत आणि एक चाळ यांच्यामधे पूर्वीच्या तबेल्याचं आवार होतं. दारातून लेंडीचा वास आला. आत सहा शेळ्या, तीन पायांचा एक कुत्रा आणि व्हिक्टोरियातून निवृत्त झालेला एक म्हातारा घोडा. भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर. इंदू नावाची बारा-तेरा वर्षांची मुलगी, जिचा उजवा हात आखडलेला होता, ती त्याच हाताच्या मुठीत काथ्याचा ब्रश अडकवून शेळीची पाठ घासत होती. कोपऱ्यात बळीराम नावाचे गृहस्थ घोड्याचा पाय मांडीवर घेऊन खूर साफ करत होते. गिरणीतल्या अपघातात त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. मूळचे मालवणचे.

जाधव पन्नाशीचे, हडकुळे, खाकी अर्धी चड्डी घातलेले. मी नाव सांगितलं, तर नुसती मान हलवली. चहा विचारला नाही. ताईकडे मात्र बराच वेळ पाहत राहिले. चेहऱ्याकडे नाही, पायांकडे. मला ते अजिबात आवडलं नाही.

"इथे काय शिकवता?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग यांना पगार देता?"

"बसा आणि बघा, बाई. विचारू नका."

त्यांनी ताईच्या हातात ब्रश दिला नाही. तिच्यापासून दोन हातांवर जमिनीवर ठेवला आणि निघून गेले. ताई तासभर भिंतीला पाठ लावून बसली. एक पांढरी शेळी येऊन तिचा पदर चघळू लागली, तशी ती आक्रसली.

"घाबरू नको गे," बळीराम म्हणाले. त्यांना न बघता कसं कळलं कुणास ठाऊक. "ती काय करूची नाय. तिका ढकल, बघ जाता."

ताईने ढकललं. शेळी दोन पावलं मागे गेली आणि पुन्हा आली. ताईने पुन्हा ढकललं. हे कितीतरी वेळा झालं. मग ताईने ब्रश उचलला. शेळीची मान, मग पाठ. संध्याकाळपर्यंत ती एकदाही ओरडली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र दुधाच्या किटल्या मोजत होते आणि जाधव एका वहीत काय लिहितात ते मान वाकडी करून बघत होते. वहीत ताईचं नाव होतं, आणि त्याखाली आमचा चौलचा पत्ता. तो मी सांगितलाच नव्हता.

तिसरा दिवस: पाळत

सकाळी ताईला आवारात सोडून मी म्हणाले, "दादरला साड्या बघायला जाते, दुपारी येईन." जाधवांनी पुन्हा नुसती मान हलवली. मी दादरला गेलेच नाही. चाळीच्या तोंडाशी असलेल्या वाण्याच्या दुकानाआड उभी राहिले. तिथं गोण्यांत लाल मिरच्या होत्या, शिंका दाबून दाबून डोळ्यांतून पाणी येत होतं.

अकराच्या सुमारास जाधव बाहेर आले. मागून ताई, हातात दुधाची किटली. दोघंच. तिला त्यांनी धरलं नव्हतं आणि ती सुटी, रस्त्यावर, त्यांच्या मागून चालत होती. दोघं शेजारच्या चाळीत शिरली आणि जिना चढू लागली. मी धावत सुटले.

दुसऱ्या मजल्यावर एका खोलीचं दार उघडं होतं. आत ताई एका बाळंतिणीच्या पातेल्यात दूध ओतत होती, जीभ दातांत धरून, एक थेंब सांडू न देता. जाधव दाराबाहेर उभे होते.

मी काही बोलायच्या आतच तीन-चार बायकांनी मला घेरलं. त्यातली एक म्हणाली, "हीच ती. काल हॉटेलात चौकशी करत होती. आज सकाळपासून वाण्याकडे लपलीय. सीआयडीची बाई आहे."

"मी शिक्षिका आहे," मी म्हणाले.

"शिक्षिका लपून बसते?"

त्या चाळीतले दोन तरुण मोर्चात पकडले गेले होते आणि कुणीतरी नावं पुरवली असा सगळ्यांचा समज होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं, की जिन्याची वाट बंद झाली आहे.

त्या बाईने विचारलं, "जाधवदादा, ओळखता का हिला?"

जाधव म्हणाले, "ओळखतो. त्या मुलीची बहीण. पाळत माझ्यावर ठेवलीय तिने. ठेवू दे. तिच्या जागी मीही ठेवली असती."

बायका बाजूला झाल्या, पण कुणाचाही चेहरा सैलावला नाही.

आवारात परतल्यावर मी सरळच विचारलं, "दूध विकता?"

"विकतो. त्याशिवाय चारा कुठून आणू? बाळंतिणीला तेवढं फुकट."

"आमचा पत्ता कुठून मिळाला?"

"तुमच्या भावाकडून. मीच लिहून घेतला होता." मग ते माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई, बहिणीच्या उजव्या घोट्यावर वळ आहे. जुना आहे आणि त्यावर नवाही आहे. कोण बांधतं तिला?"

आई बांधायची. विहिरीकडे जाऊ नये म्हणून, जुन्या लुगड्याच्या मऊ पट्टीने, खांबाला. आई गेल्यावर शाळेत जाताना मी बांधायचे. घरी दुसरं कुणी नव्हतं. आपण हे वाईट करतोय, असं मला तोवर वाटलंही नव्हतं. मऊ पट्टी होती ना.

"मी," मी म्हणाले.

"पट्ट्या बांधण्यात माझा जन्म गेला," जाधव म्हणाले. "जनावर ओढ घेऊन घेऊन वळ पाडून घेतं, तसला आहे तो. काल बघितला, तेव्हाच ठरवलं की तुम्हाला चहा विचारायचा नाही. आज मुद्दाम तिला सुटी नेली. पळते का बघायचं होतं. नाही पळाली."

"तुम्ही हे का करता?"

"माझीही बहीण होती अशी. आम्हीही बांधायचो." एवढं बोलून ते शेळ्यांना पाला टाकायला उठले. थोड्या वेळाने त्यांच्या घरातून दोन कप चहा आला. मी प्यायले.

चौथा दिवस: निर्णय

वहिनीकडे ताईला ठेवायचं आणि मधुदादाने तिला रोज परळला सोडायचं, असा मधुदादाचा बेत होता. वहिनी भिंतीकडे बघून म्हणाली, "रोज कसं जमेल?" नाशिकचं पत्र माझ्या पिशवीत होतं. मी ताईला विचारलं, कारण तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. "ताई, इथे राहायचं की घरी जायचं?"

"घरी," ती म्हणाली. मग बराच विचार करून, "पांढरी पण."

जाधव पांढरी द्यायला तयार होईनात. म्हणाले, "शेळी म्हणजे खेळणं नव्हे. तुम्ही शाळेत गेलात की दोघींना बांधाल." मी म्हणाले, बांधणार नाही. "हे सगळेच म्हणतात." शेवटी बळीराम मधे पडले. "दिऊन टाक रे. नाय जमला तर परत घेऊन ये." तेव्हा कुठे पांढरी मिळाली. खुरं कशी कापायची, पाला किती द्यायचा, पोट फुगलं तर काय करायचं, हे सगळं त्यांनी मला नव्हे, ताईला सांगितलं. तीन वेळा, हळूहळू. तिच्याकडून म्हणवून घेतलं.

लाँचवाल्याने शेळीचंही तिकीट लावलं. रेवसपर्यंत ताई पांढरीच्या मानेत हात घालून बसली होती. एका कोळणीने वाट काढताना तिचा दंड धरला. ताईने नुसतं वळून पाहिलं.

घरी

खांबाची पट्टी मी चुलीत घातली. विहिरीला फळ्यांचं झाकण करून घेतलं, शेजारच्या काकूंना दुपारी लक्ष ठेवायला सांगितलं. पहिले पंधरा दिवस वर्गात माझं लक्ष नव्हतं. मधल्या सुट्टीत धावत घरी यायचे. प्रत्येक वेळी ताई अंगणात असायची आणि पांढरीला ओरडत असायची. ती आता माणसांऐवजी शेळीवर ओरडायची, आणि शेळीला त्याचं काही वाटत नव्हतं. नाशिकला मी लिहून टाकलं की बहिणीची व्यवस्था झाली, ती माझ्याकडेच राहील. उत्तर आलं नाही. पुढे अलिबागच्या एका शिक्षकाने आम्हा दोघींना, तोवर झालेल्या चार शेळ्यांसकट, पत्करलं.

जाधवांचं आवार आज शोधू नका, तिथे टॉवर आहे. दुसरी जागा बघाल तेव्हा एवढं करा: जनावराला विश्रांती कधी मिळते ते विचारा, न सांगता एकदा जाऊन या, आणि तिथल्या माणसाने तुम्हालाच उलटे प्रश्न विचारले तर रागावू नका.

आम्ही परतलो त्यानंतरच्या मे महिन्यात एके दुपारी जाधव न कळवता चौलला आले. सामान काहीच नव्हतं. आळीतले लोक दारांत येऊन बघत होते. त्यांनी आधी ताईला पाहिलं, मग पांढरीचे खूर एकेक करून उचलून पाहिले, मग विहीर. मी पानं वाढली, तेव्हा ओटीवर आमच्यासोबत जेवायला बसले. निघताना मी विचारलं, "आता पटली खात्री?"

"एकदा बघून कशी पटेल?" ते म्हणाले, आणि पुढल्या वर्षी पुन्हा असेच आले, न सांगता. मलाही ते तसंच बरं वाटलं.